समास सोडा, ओळ तोडू नका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी गेल्या ईदला भाच्यानं ईदीच्या पैशातून संगणकावरचा एक खेळ घेतला. दोन-तीन जणांनी मिळून बनवलेला, छोटेखानी. लॅपटॉप जुना, वापरलेला. चित्रं उमटली, संगीत वाजलं. पण पुढे जायचं बटणच दिसेना. ते पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेलं होतं. तासभर झटून पोरगं म्हणालं, "मामू, मला नाही जमत हे." चूक त्याची नव्हतीच. ते वाक्य मला लागलं, म्हणून मी हा विषय समजून घेतला.

पडदा म्हणजे बारीक फरशांची जमीन समजा. एकेक फरशी म्हणजे पिक्सेल, आणि आडव्या-उभ्या फरशांची मोजणी म्हणजे रेझोल्यूशन. भाच्याच्या लॅपटॉपवर १३६६ आडव्या आणि ७६८ उभ्या. खेळ मात्र १९२० बाय १०८० च्या पडद्यावर बेतलेला. बटण 'वरून हजाराव्या ओळीत' ठेवलं असेल, तर ७६८ ओळींच्या पडद्यावर ते दिसणार कुठून?

दुसरी अडचण ताणण्याची. 'सेलेस्ट' हा २०१८ चा गाजलेला खेळ. त्याची चित्रं ३२० बाय १८० एवढ्या लहान जाळीवर रेखली आहेत. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ती बरोबर सहापट होतात, प्रत्येक ठिपका चोख चौकोनी राहतो. पण अशी चित्रं १३६६ बाय ७६८ वर पूर्ण पसरायची, तर पट येते सुमारे सव्वाचार. फरशी सव्वाचार कशी बसवणार? काही ठिपके चार फरशांचे होतात, काही पाचांचे. नाहीतर सगळंच धूसर दिसतं.

मोठ्या कंपन्यांकडे तपासणीसाठी माणसं आणि तऱ्हेतऱ्हेचे पडदे असतात. एकट्यादुकट्याकडे स्वतःच्या टेबलावरचा एकच पडदा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेनं २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगापुढे आणला. आपल्याकडची मुलंही या वाटेनं निघाली आहेत, म्हणून हे बोलायचं.

माझी एक गझल एकदा एका अंकात छापून आली. रकाना अरुंद, म्हणून प्रत्येक मिसरा मधेच तोडलेला. यमक खाली घरंगळलेलं. वाचणाऱ्याला वाटलं, कवीलाच वृत्त कळत नाही. अक्षरं थोडी लहान करून बाजूला समास सोडला असता, तरी गझल वाचली असती.

खेळाचंही तसंच आहे. 'अंडरटेल' हा २०१५ चा खेळ ६४० बाय ४८० चा. रुंद पडद्यावर त्याच्या दोन्ही बाजू काळ्या राहतात, पण चित्र मोडत नाही. २०१७ मध्ये प्लेस्टेशनवर आणताना त्या मोकळ्या जागेत नक्षीदार चौकटींची सोय केली. समासाचंच सोनं झालं.

तेव्हा खेळ बनवणाऱ्या मुलांनो, बटणांची जागा ओळी मोजून नव्हे, पडद्याच्या कडेपासून ठरवा. चित्र पूर्ण पटीतच वाढवा. उरेल तिथं समास सोडा. अक्षरं लहानमोठी करायची सोय ठेवा. आणि एखाद्या जुन्या, स्वस्त लॅपटॉपवर खेळ एकदा चालवून बघा.

भाच्यानं लॅपटॉप शेजाऱ्यांच्या मोठ्या टीव्हीला जोडला, तेव्हा बटण सापडलं. "मामू, ते होतंच की!" तो म्हणाला. होतंच. फक्त त्याच्या पडद्याची आठवण कुणी ठेवली नव्हती.