माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातील विषयनिवड : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

माध्यमिक शाळेचे पहिले वर्ष कोणते, या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच उत्तर देता येत नाही. पहिली ते सातवी प्राथमिक आणि आठवी ते दहावी माध्यमिक ही विभागणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. 'हायस्कूल' हा शब्द उच्चारताच आठवीचा वर्ग डोळ्यांपुढे येतो तो त्यामुळेच. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रारंभिक शिक्षणाची सीमा आठवीच्या अखेरपर्यंत नेली आणि त्या हिशेबाने माध्यमिक शिक्षणाचा आरंभ नववीत होऊ लागला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही नववी ते बारावी ही चार वर्षे एका टप्प्यात बसविली आहेत. हा वाद केवळ परिभाषेचा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विद्यार्थ्याच्या विषयनिवडीच्या दृष्टीने पाहू लागले, की या दोन सीमारेषांच्या मध्ये सापडलेले एक वर्ष, म्हणजे आठवी, फार महत्त्वाचे ठरते. ते कसे, हे गोंदिया जिल्ह्याच्या परिस्थितीत पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम निवडीला वाव किती आहे ते पाहू. राज्य मंडळाच्या शाळेत नववीच्या विद्यार्थ्याला सहाशे गुणांचे सहा विषय असतात : तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. गणित आणि विज्ञान यांचे दोन दोन भाग आहेत. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल मिळून सामाजिक शास्त्रे होतात. यांपैकी गणितात पूर्वी काही वर्षे 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय होता, तो आता राहिलेला नाही. तेव्हा खरी निवड उरते ती भाषांत. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला प्रथम भाषा मराठी आणि तृतीय भाषा इंग्रजी या ठरलेल्याच असतात. मधल्या जागी त्याला संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, किंवा पन्नास गुणांची हिंदी व पन्नास गुणांचे संस्कृत असा संयुक्त अभ्यासक्रम घेता येतो. दुसरा पर्याय व्यवसाय विषयांचा. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यान्वये काही निवडक शाळांत ऑटोमोबाईल, रिटेल, हेल्थकेअर, मल्टिस्किल यांसारखे विषय नववीपासून घेता येतात. पण ज्या शाळेला तो विषय मंजूर आहे, तिथेच.

विद्यार्थ्याच्या दप्तरातील पुस्तकांची नावे पाहिली तरी त्याची निवड कळते. मराठी 'कुमारभारती' असेल तर तो मराठी माध्यमाचा, 'अक्षरभारती' असेल तर त्याचे माध्यम दुसरे आणि मराठी ही त्याची दुय्यम भाषा. हिंदीचे 'लोकभारती' असेल तर त्याने संपूर्ण हिंदी घेतली आहे. 'लोकवाणी' असेल तर संयुक्त अभ्यासक्रम घेतला आहे आणि त्याच्या जोडीला संस्कृतचे 'आनन्दः' असणार. 'आमोदः' असेल तर संपूर्ण संस्कृत. एका वर्गात ही सारी पुस्तके एकत्र दिसणे, म्हणजे त्या शाळेत निवडीला खरोखर वाव असणे होय.

आता या व्यवस्थेतील एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मंडळाचा संस्कृत अभ्यासक्रम आठवीत सुरू होतो. नववीचे पाठ्यपुस्तक आठवीचा पाया गृहीत धरते. ज्याने आठवीत संस्कृत घेतले नाही, त्याला नववीत ते घेण्याचा मार्ग नियमाच्या कागदावर कसाही असो, वर्गात जवळजवळ बंद झालेला असतो. शब्दरूपे आणि धातुरूपे यांत एक वर्ष मागे असलेला मुलगा इतरांच्या बरोबरीने चालू शकत नाही. म्हणजे नववीच्या हजेरीपटावर दिसणारी निवड आठवीच्या जून-जुलैत होऊन गेलेली असते.

शिक्षणहक्क कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम इथे दिसतो. सहावी ते आठवीची शाळा मुलाच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी, असा दंडक आला. त्यानुसार जिल्हा परिषदेच्या पुष्कळ उच्च प्राथमिक शाळांना आठवीचा वर्ग जोडण्यात आला. तेरा वर्षांच्या मुलीला आणखी एक वर्ष गावातच शिकता यावे हा त्यामागचा हेतू चांगलाच होता आणि आहे. परंतु प्राथमिक शाळेच्या शिक्षकवर्गात संस्कृतचा शिक्षक असण्याचे कारण नसते. अशा शाळेतून आठवी करून नववीत हायस्कुलात येणारी मुलगी 'लोकभारती' घेऊन येते. तिच्याच वर्गात, त्याच हायस्कुलात आठवीपासून असलेली मुलगी 'लोकवाणी' आणि 'आनन्दः' घेऊन बसलेली असते. पहिलीने काहीही नाकारलेले नाही. तिला विचारलेच गेले नाही. शाळा घराजवळ आणण्याच्या प्रयत्नात विषय दूर गेला, असे हे त्रांगडे आहे, आणि शैक्षणिक प्रशासनाच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

या ठिकाणी थोडे मागे वळून पाहणे उपयुक्त होईल. माध्यमिक स्तरावर विषयनिवडीचा सांगोपांग विचार स्वतंत्र भारतात प्रथम झाला तो डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगात. १९५३ च्या आपल्या अहवालात आयोगाने बहूद्देशीय शाळांची कल्पना मांडली आणि मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक विषय, वाणिज्य, शेती, ललित कला व गृहविज्ञान असे सात गट सुचविले. या सात गटांची आठवण सर्वांना असते. परंतु त्यांच्याशी जोडलेली दुसरी शिफारस बहुधा विसरली जाते. गटांतील ही विविधता हायस्कुलाच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू व्हावी, असे आयोगाचे म्हणणे होते. पहिले वर्ष सर्वांना समान. त्यामागचा अर्थ उघड आहे. मुलगा नव्या शाळेत आला, की त्याचा कल कोणता हे त्याला, त्याच्या शिक्षकांना आणि पालकांनाही कळण्यास काही अवधी हवा. पुढे डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे सर्वसाधारण शिक्षणाचीच असावीत असे ठरवून शाखांची निवड दहावीनंतर ढकलली. महाराष्ट्राने तोच आकृतिबंध स्वीकारला. बहूद्देशीय शाळांची कल्पना प्रयोगशाळा, कर्मशाळा आणि शिक्षक यांच्या अभावी आधीच क्षीण झालेली होती.

कोठारी आयोगानंतर नववीत निवड राहिलीच नाही, असा आपला समज झाला. वस्तुतः ती भाषेच्या रूपाने राहिली. मात्र निवडीपूर्वी एक वर्ष चाचपणीचे असावे, हे मुदलियार आयोगाचे तत्त्व तिला लागू करण्याचे कोणाला सुचले नाही.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार का होतो, हे जिल्ह्याची रचना पाहिल्यास कळेल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. त्यात आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १३,२२,५०७ होती. दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया, हे त्या जनगणनेतील प्रमाण सर्वपरिचित आहे. उत्तरेस मध्य प्रदेशाचा बालाघाट आणि पूर्वेस छत्तीसगड. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या ज्या राज्यात होता, तिथे हिंदी व मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या. गोंदिया शहर हावडा-मुंबई लोहमार्गावरील जंक्शन, आणि तेथील बाजारपेठेची भाषा बव्हंशी हिंदी. शहरात हिंदी माध्यमाच्या शाळा आहेत. खेड्यांतील घरांत पोवारी, गोंडी, छत्तीसगडी, झाडीबोली अशा निरनिराळ्या बोली बोलल्या जातात. अशा मुलाला 'द्वितीय भाषा हिंदी' हा विषय पुण्याच्या मुलाइतका परका नसतो, आणि 'प्रथम भाषा मराठी' हा पुण्याच्या मुलाइतका घरचाही नसतो. राज्यभर एकच असलेले पर्यायपत्रक इथे वेगळाच अर्थ धारण करते. हिंदी सोपी म्हणून तीच घ्यावी, की येतेच आहे म्हणून तिचे गुण निम्मे करून संस्कृत जोडावे, हा खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

संस्कृतकडे ओढा असतो तो बहुतेक ठिकाणी गुणांमुळे, हे मान्य केलेच पाहिजे. व्याकरणाचे ठरावीक प्रश्न सोडविले की गुण हमखास मिळतात, अशी पालकांची श्रद्धा आहे. २०१० पासून दहावीची टक्केवारी सहांपैकी उत्तम पाच विषयांवर काढली जाऊ लागल्याने तिला आणखी बळ आले. या हिशेबी वृत्तीबद्दल नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु ज्या आमगावजवळील पदमपूर हे भवभूतीचे पद्मपूर होय असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले, ज्या आमगावात भवभूतीच्या नावाचे महाविद्यालय आहे, त्याच जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मुलांना संस्कृत हे शहरातील मुलांचे गुण मिळविण्याचे साधन म्हणून तेवढे ठाऊक असावे, ही गोष्ट मनाला लागते.

शिक्षकाचा प्रश्न याहून कठीण आहे. संचमान्यतेत शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. लहान हायस्कुलात भाषेची दोन किंवा तीन पदे निघाली, तर संस्कृतसाठी वेगळा शिक्षक मिळणे दुरापास्त. शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत आणि विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही. व्यवसाय विषयांची गोष्टही निराळी नाही. तिथे तर कर्मशाळेचाही खर्च असतो.

उदाहरणादाखल सालेकसा तालुक्यातील एखाद्या खेड्यातील मुलगी कल्पावी. गावची शाळा आठवीपर्यंत. नववीसाठी तिच्यापुढे कोणते मार्ग असतील? सायकलने गाठता येईल असे पाच किलोमीटरच्या आतील हायस्कूल. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकल मिळते ती याच अंतरासाठी. दुसरा मार्ग त्याच कार्यक्रमातील निळ्या एस.टी. बसने तालुक्याच्या गावी जाण्याचा. तिसरा, आदिवासी असल्यास, देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळेचा. चौथा स्पर्धेचा आहे. नवेगावबांधच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीप्रमाणेच नववीतही रिक्त जागांसाठी परीक्षेने प्रवेश मिळतो. देवरी तालुक्यातील बोरगाव बाजार येथे एकलव्य निवासी विद्यालय आहे. या शेवटच्या दोन्ही शाळा केंद्रीय मंडळाच्या असल्यामुळे तेथे विषयांची मांडणीच वेगळी. मुलीचे आईवडील या चारांमधून निवड करतात ती बसची वेळ, वसतिगृह, सोबतीला जाणाऱ्या मैत्रिणी आणि खर्च पाहून. त्यांत गैर काही नाही. मात्र त्या क्षणी तिचे माध्यम, तिच्या भाषा आणि व्यवसाय विषय मिळण्याची शक्यता या साऱ्यांचा निर्णय होऊन जातो. नंतर शाळेत जे पर्यायपत्रक भरून घेतात, त्यात एकाच रकान्यावर खूण करावयाची उरते. विषयाची निवड शाळेच्या निवडीत मुरलेली असते आणि शाळेची निवड रस्त्यात.

वेळही अशी, की विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे इतर महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै हा रोवणीचा महिना. पर्यायपत्रकावर सही करावयाची ती याच दिवसांत, जेव्हा सारे घर बांधीत चिखलात उभे असते. 'सर म्हणतील ते' हे उत्तर उदासीनतेचे समजू नये. ते धानाच्या वेळापत्रकाचे उत्तर आहे.

२०१६ पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली जात होती. तिच्या शास्त्रीयतेविषयी मतभेद असतील, परंतु तिची वेळ निश्चितच चुकीची होती. ज्या दोन-तीन वर्षांत कल अजमावावयाचा, ती संपल्यावर कल विचारण्यात आला. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीसाठी तीन भाषांबरोबर कला, शारीरिक शिक्षण, व्यवसायशिक्षण आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास हे सर्वांना सांगितले आहेत. महाराष्ट्रात नव्या अभ्यासक्रमाची अंमलबजावणी २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ती नववीला पोहोचेल तेव्हा पर्याय वाढतील. पण ते वाढलेले पर्याय आठवीच्या प्राथमिक शाळेतून येणाऱ्या मुलीला कोणत्या पायावर घ्यावयाचे, याचे उत्तर आराखड्यात शोधून उपयोग नाही. ते तालुकावार द्यावे लागेल.

निदान एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. ज्या हायस्कुलात संस्कृतचा शिक्षक आहे, त्याच्या परिसरातील आठवीपर्यंतच्या प्राथमिक शाळांची यादी केंद्रप्रमुखाकडे असतेच. त्या शाळांतील आठवीच्या मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये, पर्यायपत्रक भरण्यापूर्वी, आठवड्यातून दोन तासिका त्या शिक्षकाकडून मिळाल्या, तर पुस्तक उघडून पाहून तरी त्यांना होय किंवा नाही म्हणता येईल. ज्यांनी होय म्हटले, त्यांच्यासाठी याच तासिका पुढे वर्षभर चालवाव्या लागतील. रोवणी आटोपेपर्यंत पर्यायपत्रक थांबविले, तर पालकांनाही शाळेत बोलावता येईल. यास प्रवासभत्त्यापलीकडे फारसा खर्च नाही. अडचण आहे ती एवढीच, की प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल खासगी संस्थेचे. एका संस्थेच्या शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात तासिका घ्यावयाची, तर त्या तासिका त्याच्या कार्यभारात कोणी मोजावयाच्या, हे आधी ठरले पाहिजे.