आधी भेट, मग पुस्तक

मला नववं वर्ष लागलं त्या संध्याकाळी चाळीसगावचे मामा एसटीतून उतरून थेट आमच्या भडगावच्या घरी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला चौकोनी पुडा. औक्षण झालं. आजीनं पुडा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "काय शे यामा?" मी दातानं सुतळी ओढली. आत 'श्यामची आई' होतं. पहिल्या कोऱ्या पानावर मामांनी निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट', खाली तारीख, त्याखाली सही. शाई वाळायच्या आतच त्यांनी पुस्तक मिटलं असणार, कारण समोरच्या बाजूला तीच अक्षरं फिकट आणि उलटी उमटली होती. मी ते पान आरशासमोर धरलं, तशी अक्षरं सुलटी झाली. मला ती जादूच वाटली.

पुढे कळलं, की जुन्या छापखान्यातलं प्रत्येक पुस्तक याच जादूनं तयार व्हायचं. शिशाचे खिळे उलट्या अक्षरांचे असत. खिळेजुळारी ती उलटी अक्षरं एकेक करून पट्टीत लावायचा आणि कागदावर दाब पडला की ती सुलटी व्हायची. आणखी एक गंमत आहे, ती मात्र कुणालाही घरी करून बघता येते. एक मोठा कागद घ्यावा, मधोमध दुमडावा, मग आडवा दुमडावा, मग पुन्हा एकदा. तीन घड्या घातल्या की 8 पानं, म्हणजे 16 पृष्ठं होतात. छापखान्याच्या भाषेत हा एक फर्मा. कडा न कापता, बोटानं उचकटून पृष्ठांवर क्रमानं 1 ते 16 आकडे घालावेत आणि कागद पूर्ण उलगडावा. आकडे सैरावैरा पळालेले दिसतात. 1 च्या शेजारी 16, 4 च्या शेजारी 13, 8 च्या शेजारी 9, आणि 12 च्या शेजारी 5. काही आकडे तर डोक्यावर उभे. आता कण्याच्या घडीला चिकटून बसलेल्या जोड्यांची बेरीज करावी. 1 आणि 16, सतरा. 13 आणि 4, सतरा. कागद उलटा करून मागची बाजू बघावी, तिथेही 2 आणि 15, 7 आणि 10, सतराच. जो कागद उलगडल्यावर निव्वळ गोंधळ वाटतो, तो घडी घातली की गोष्ट सांगायला लागतो. माझा तर आजही हात थबकतो ती बेरीज करताना.

पण पुस्तकाच्या भेटीतलं खरं नवल कागदात नाही. ते मला खानदेशातच सापडलं, आणि त्याला निमित्त झाली एक तारीख.

माझ्या भाचीचा वाढदिवस 24 डिसेंबरला येतो. शाळेला नाताळची सुट्टी लागायच्या बेतात असते, गिरणेच्या काठानं पहाटेचा गारठा असतो, आणि मी दरवर्षी तिच्यासाठी पुस्तक शोधत असतो. याच तारखेला, 1899 साली, कोकणात पालगडला साने गुरुजी जन्मले. जन्म कोकणातला, पण गुरुजी घडले आणि ओतले गेले ते खानदेशात. 1924 साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे तिथलं छात्रालय सांभाळू लागले. त्या मुलांसाठी ते रोज एक दैनिक काढत. छापील नाही, हाती लिहिलेलं. 'छात्रालय दैनिक' हे त्याचं नाव. मुलं उठून बघतात तो गुरुजींच्या अक्षरातला नवा अंक हजर. जगातल्या गोष्टी, कविता, कुणाची चूक, कुणाचं कौतुक. एक प्रत, एकच संपादक आणि वाचक म्हणजे ओळखीची पोरं. रोज पहाटे उठून पोरांना दिलेली ती भेटच होती. 'श्यामची आई' त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 9 तारखेच्या गुरुवारी सुरू करून 13 तारखेच्या सोमवारी संपवलं. पाच दिवसांत एवढं पुस्तक कसं उतरलं, याचं अनेकांना कोडं पडतं. मला वाटतं, आधी वर्षानुवर्षं पोरांना समोर बसवून जो देत आला, त्याला कागदावर फक्त ओतायचं उरलं होतं.

आता त्याच 24 डिसेंबरच्या रात्री, खूप लांब उत्तरेला काय चालतं ते बघा. आइसलँड हा देश लोकसंख्येनं चार लाखांच्या आत, आपला जळगाव जिल्हा त्याच्या दहापट भरेल. तिथे नाताळच्या आदल्या रात्री भेटी उघडतात आणि त्यात पुस्तक असणं हा रिवाजच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर निर्बंध आले, कागदावर मात्र तितके नव्हते. द्यायला दुसरं काही मिळेना, म्हणून लोक पुस्तकं देऊ लागले. 1944 पासून प्रकाशकांची नव्या पुस्तकांची यादी दर हिवाळ्यात निघते, आणि नाताळच्या आधीच्या त्या लाटेला तिथले लोक 'पुस्तकांचा पूर' म्हणतात. बाहेर बर्फ, दिवस चार-पाच तासांचा, आणि घराघरात कुणीतरी नुकतं उघडलेलं पुस्तक घेऊन अंथरुणात शिरलेलं. टंचाईतून आलेली ही पद्धत टंचाई सरली तरी राहिली, हे मला फार आवडतं.

टंचाईवरून तुरुंग आठवतो. 26 ऑक्टोबर 1930 ला जवाहरलाल नेहरू नैनीच्या तुरुंगात होते. तिथीप्रमाणे मुलीचा तेरावा वाढदिवस होता आणि पाठवायला हातात काही नव्हतं. त्यांनी तिला पत्र लिहिलं, जगाच्या इतिहासाबद्दल. मग दुसरं, तिसरं. तीन वर्षांत त्या पत्रांचा जाडजूड ग्रंथ झाला. आणि त्याच काळात इकडे विनोबा आईचं एक सांगणं पुरं करत होते. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळत नसे. मराठीत सोपी करून दे, असं तिनं मुलाला सांगितलं होतं. ती 1918 साली गेली. मुलानं बारा वर्षांनी ते काम हाती घेतलं, 7 ऑक्टोबर 1930 ला सुरू करून 6 फेब्रुवारी 1931 ला पुरं केलं, आणि पुस्तकाच्या नावातच आई ठेवली, 'गीताई'. 1932 साली ती छापून आली तेव्हा विनोबा धुळ्यात कोठडीत होते आणि दर रविवारी कैद्यांना गीता समजावून सांगत होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत. कॅलेंडर काढून मोजलं, तर बरोबर अठरा रविवार भरतात, अध्यायही अठराच. समोर बसून ती प्रवचनं भराभर उतरवून घेणारा कैदी कोण, तर साने गुरुजी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती लागलं ते त्या लेखणीमुळे.

आता हे सगळं एका रांगेत ठेवून बघा. लेकीसाठी पत्र, आईसाठी गीता, छात्रालयातल्या पोरांसाठी दैनिक. आधी कुणीतरी कुणाला तरी काही दिलं, आणि मग त्याचं पुस्तक झालं. आपण दुकानातून पुस्तक आणून पहिल्या पानावर नाव घालतो, तेव्हा खरं तर एकदा दिलेली वस्तूच आपण पुढे देत असतो.

याचा मला सापडलेला सगळ्यात जुना पुरावा भडगावहून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं देऊळ आहे. आज तिथे जंगल आहे, माकडं आहेत, पावसाळ्यात धबधबे आणि सहलीच्या बसगाड्या आहेत. आठशे वर्षांपूर्वी तिथे पाटण नावाचं नांदतं गाव होतं, बाजारपेठ होती. आणि भास्कराचार्यांच्या घराण्याचं नाव त्या गावाशी दगडावर कोरून जोडलेलं आहे.

भास्कराचार्य शके 1036 मधले, म्हणजे इसवी सन 1114 चे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 च्या सुमारास, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'. ही लीलावती कोण? आपल्याकडे घरोघर सांगतात ती कथा अशी, की ती त्यांची लेक. तिच्या लग्नाची घटका चुकू नये म्हणून वडिलांनी घंगाळात घटिकापात्र सोडलं. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली वाटी, ती पाण्यानं भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं, झाली. लीलावती वाकून बघत होती, तिच्या दागिन्यातला मोती निसटून वाटीत पडला आणि भोक बुजलं. पाणी आत येईना, वाटी बुडेना, मुहूर्त टळून गेला. तेव्हा वडिलांनी तिला म्हटलं, तुझ्या नावानं असा ग्रंथ करतो की तो काळाच्या अंतापर्यंत राहील. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 1587 साली लीलावतीचं फारसीत भाषांतर केलं तेव्हा त्यात लिहून ठेवली. ते म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी, त्यामुळे तिला इतिहास म्हणता येणार नाही. (हाच फैजी चार वर्षांनी, 1591 साली, बादशहाचा वकील म्हणून खानदेशात आला होता.) पण ग्रंथ उघडला की एक गोष्ट डोळ्यांना दिसते. काही गणितं एका मुलीला उद्देशून घातली आहेत. अगं मुली, हरिणाच्या डोळ्यांच्या मुली, सांग पाहू, असा त्यांचा सूर आहे. गणिताचं पुस्तक इतक्या मायेनं बोलतं, हे मी तोवर कुठे बघितलं नव्हतं.

आणि आता तो दगड. पाटणच्या देवळातल्या शिलालेखाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं ते एकोणिसाव्या शतकात, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. लेख सांगतो तो असा, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. त्यानं पाटणला एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं शके 1128 मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणात, त्या मठाला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण दानाचा तपशील येतो तिथे लेख मराठीत उतरतो. कारण तो तपशील पंडितांनी वाचायचा नव्हता, बाजारातल्या माणसांना कळायचा होता. पाटणच्या पेठेत जो माल येईल त्यावरचं राजाचं येणं मठाला दिलं. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे असतील, त्या प्रत्येकानं एकेक पळी तेल मठाला द्यायचं.

पळी. आमच्या स्वयंपाकघरात आजही हाच शब्द आहे. आजी शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यात जी बुडवायची, ती पळी. त्या काळी शेंगदाणा आपल्याकडे आलेलाच नव्हता, घाण्याखाली तीळ-करडई असणार. मी डोळ्यांसमोर आणतो. बैल गोल फिरतोय, लाट करकरतेय, तेली कपाळाचा घाम पुसतो आणि तेलाची एक पळी वेगळ्या भांड्यात ओततो. त्यानं स्वतः लीलावतीतलं एक गणित तरी केलं असेल का? पण पुस्तक शिकणाऱ्या कुठल्याशा पोरापर्यंत त्याची पळी पोहोचत होती. एका माणसानं एका मुलीला दिलेली भेट, आणि नातवाच्या काळात अख्ख्या बाजारपेठेनं तिच्यात हात घातला. पुस्तक देणं ही गोष्ट एवढी मोठी होऊ शकते, हे मला पाटणच्या त्या दगडानं शिकवलं.

म्हणून गेल्या 24 डिसेंबरला मी भाचीला मराठीतली लीलावती दिली. पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं, शाई मुद्दाम वाळू दिली नाही आणि पुस्तक मिटलं. केक झाला, फुगे फुटले, आणि रात्री ती वही-पेन्सिल घेऊन माझ्याजवळ आली. भुंग्यांचं गणित अडलं होतं. भुंग्यांचा एक थवा. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढलं की जेवढे येतील तेवढे मालतीच्या वेलीवर गेले. एकूण थव्याचे आठ-नवमांश आणखी त्यांच्यामागे. उरले दोनच. वासाला भुलून एक भुंगा रात्री कमळात शिरला आणि पाकळ्या मिटल्या, आणि त्याची भुंगी बाहेर गुणगुणत फिरते आहे. थवा केवढा?

समीकरणं तिला अजून यायची आहेत. ती बोटानं विचार करत होती. आठ-नवमांश म्हणजे नऊनं भाग जायला हवा. निम्म्याचं वर्गमूळ म्हणजे निम्मं वर्गसंख्या हवं. तिनं 18 घेतले. निम्मे 9, मूळ 3. आठ-नवमांश 16. तीन आणि सोळा एकोणीस. "मामा, हे तर आधीच जास्त झाले!" खोडरबर फिरलं. 36 चं निम्मं 18, त्याचं मूळ नीट निघेना. 54 गेलं. मग 72. निम्मे 36, मूळ 6. आठ-नवमांश 64. सहा आणि चौसष्ट सत्तर. आणि ते दोघं.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण तो आतला बाहेर आला का?"

मी म्हटलं, सकाळी कमळ उमलतं.

तिनं पेन्सिल घेतली आणि 72 च्या शेजारी, समासात, उमललेलं कमळ काढलं. भुंगे दोन्ही बाहेर.