तंबूजवळचा चुरा आणि झाडावरचे अंडे

समुद्रावर राहणाऱ्या पक्ष्याचे घरटे तुम्ही कोठे शोधाल? किनाऱ्यावरील खडकांच्या कपारीत, होय ना? उत्तर अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांनी ‘मार्बल्ड मरलेट’ या पक्ष्याचे घरटे अनेक वर्षे शोधले. पण ते काही केल्या सापडेना. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी समुद्रात बुड्या मारून मासे पकडतो. मग तो अंडी घालतो तरी कोठे?

कोडे उलगडले १९७४ साली, तेही योगायोगाने! कॅलिफोर्नियात ‘बिग बेसिन रेडवूड्स’ हे १९०२ साली स्थापन झालेले राज्य उद्यान आहे. तेथील अरण्यात लोक पायी भटकायला आणि तंबू ठोकून राहायला येत. तंबूंच्या जागेजवळील एका उंच डग्लस फर वृक्षावर फांद्या छाटण्यासाठी एक कामगार चढला होता. सुमारे ४५ मीटर उंचीवर, शेवाळाने मढलेल्या फांदीवर त्याला एक पिल्लू दिसले. ते मरलेटचे होते!

मरलेट काड्यांचे घरटे बांधत नाही. जुन्या वृक्षाच्या रुंद फांदीवरील शेवाळाच्या गादीवर मादी एकच अंडे घालते. नर व मादी ते आळीपाळीने उबवतात.

आता या अंड्याचा आणि तंबूंचा संबंध पाहा. ‘स्टेलर्स जे’ हा कावळ्याच्या कुळातील निळा पक्षी. बिस्किटांचा चुरा, पावाचे तुकडे असे आयते खाणे मिळाले, की हे पक्षी तंबूंभोवती गोळा होतात. मग आसपासच्या फांद्या धुंडाळताना त्यांना मरलेटचे अंडे सापडते आणि ते फस्त होते. अंडे मुळी एकच! म्हणजे चुरा सांडतो जमिनीवर आणि नुकसान होते शेंड्याजवळ.

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजली. कोंबडीची अंडी मरलेटच्या अंड्यांसारखी रंगवून, त्यांत मळमळ आणणारे औषध घालून ती झाडांवर ठेवली. असे अंडे खाऊन आजारी पडलेला जे पुन्हा तशा अंड्याच्या वाटेला जाण्याचे टाळतो. प्रवाशांनाही अन्नाचा कणसुद्धा मागे न ठेवण्याची सूचना दिली जाऊ लागली.

ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यात या उद्यानाचा बहुतेक भाग होरपळला. जाड सालीच्या अनेक रेडवूड वृक्षांना पुन्हा पालवी फुटली. परंतु शेवाळाची गादी असलेली रुंद फांदी तयार व्हायला फार मोठा काळ लागतो. म्हणून उरलेल्या जुन्या वृक्षांचे मोल आता अधिकच वाढले आहे.

तुम्हीही रानात सहलीला जाल, तेव्हा शिदोरी सोडल्यावर कावळे कसे जमतात ते पाहा. ते तेथून पुढे कोणत्या झाडांवर जातात, याचेही निरीक्षण करा. आणि उठण्यापूर्वी सांडलेले कण मात्र आठवणीने वेचून घ्या!