वाघिणींची टक्कर

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास जाणारा लोहमार्ग दुर्ग सोडल्यावर भिलाईस पोहोचतो. येथील पोलाद कारखान्यासंबंधीचा करार भारत व सोव्हिएत संघ ह्यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज आगगाडीने येथे येते आणि त्यापासून घडलेले रूळ आगगाडीनेच देशभर जातात. साहजिकच भिलाईस मालगाड्यांचे एक विस्तीर्ण मार्शलिंग यार्ड आहे. अशा यार्डात वाघिणी सोडविण्याचे व जोडण्याचे काम अखंड चालते. (‘वॅगन’ ह्या शब्दाची मराठी माणसाने केलेली ही ‘वाघीण’ आता आपल्या भाषेत चांगलीच रुळली आहे.) इंजिनाने लोटलेली वाघीण उभ्या वाघिणीवर जाऊन आदळते, दोहोंचे पोलादी आकडे एकमेकांत अडकतात आणि मग दोघी मिळून पुढे सरकतात. प्रत्येक जोडणी ही अशी एक लहानशी टक्करच होय. टक्करीचे नियम समजून घेण्यास ह्याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग ह्यांच्या गुणाकारास ‘संवेग’ म्हणतात. संवेगास दिशा असते, हे विसरून चालत नाही. सारख्याच संवेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन वाघिणींचा एकूण संवेग शून्य असतो, आणि त्या परस्परांत अडकल्या तर जागीच थांबतात. संवेगाचे महत्त्व असे की, बाहेरून बल लागले नाही तर टक्करीपूर्वीचा एकूण संवेग व टक्करीनंतरचा एकूण संवेग तंतोतंत सारखे असतात. ह्यासच संवेग अक्षय्यतेचा नियम म्हणतात. यार्डात घर्षण असतेच. परंतु टक्कर इतक्या अल्प काळात उरकते की, तेवढ्यापुरते ते हिशेबात धरले नाही तरी फारसे बिघडत नाही.

भारतीय रेल्वेची ‘बॉक्सएन’ जातीची उघडी वाघीण रिकामी असता सुमारे साडेबावीस टन व पूर्ण भरली असता सुमारे ८१ टन भरते. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण हे आकडे २० व ८० टन धरू. समजा, भरलेली वाघीण सेकंदास १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर, अशा संथ वेगाने येऊन उभ्या रिकाम्या वाघिणीस भिडली. आता तोच संवेग ८० टनांऐवजी १०० टनांना वाहावयाचा आहे. म्हणून वेग सेकंदास ०.८ मीटर होईल.

आता गतिज ऊर्जेचा हिशेब मांडू. वेगाचा वर्ग करून त्यास वस्तुमानाने गुणावे व त्याचे निम्मे करावे, म्हणजे ही ऊर्जा मिळते. टक्करीपूर्वी ती ४०,००० ज्यूल होती; नंतर ३२,००० ज्यूल उरली. संवेग कणभरही कमी झाला नाही, पण गतीची ८,००० ज्यूल ऊर्जा गेली. ती नष्ट झाली असे मात्र नव्हे. आकड्यांमागील स्प्रिंगांच्या घर्षणात, खडखडाटात आणि हादरलेल्या मालात तिचे रूपांतर होऊन बहुतेक अखेर उष्णता झाली. एवढ्या उष्णतेने पाव लिटर पाणी साडेसात अंशांच्या आसपास तापेल.

आता भूमिकांची अदलाबदल करू. भरलेली वाघीण उभी आहे आणि रिकामी त्याच वेगाने तिच्यावर येत आहे. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त ह्याने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा नियम दिला होता की, लहान वस्तू कितीही वेगाने आली तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूस ती हलवू शकत नाही; स्वतःच मागे परतते. यार्डातील कोणताही कामगार हा नियम खोटा ठरवील. २० टनांचा संवेग १०० टनांत वाटला जातो आणि जोडी सेकंदास ०.२ मीटर वेगाने, संथपणे का होईना, सरकते. ऊर्जेचे काय? आधी १०,००० ज्यूल, नंतर २,००० ज्यूल. हानी पुन्हा ८,००० ज्यूलच!

हा योगायोग नव्हे. डच शास्त्रज्ञ हायगेन्स ह्याने सतराव्या शतकातच टक्करींचा विचार एका नामी युक्तीने केला होता. एक मनुष्य संथ चालणाऱ्या नावेत आहे व दुसरा काठावर उभा आहे. दोघेही एकच टक्कर पाहत आहेत. दोघांस दिसणारे वेग निराळे, परंतु टक्करीचे नियम दोघांसही तेच लागू पडले पाहिजेत. आपल्या उदाहरणात नावेची जागा वाघिणीस देऊ. चालत्या भरलेल्या वाघिणीबरोबर त्याच वेगाने जाणाऱ्या मनुष्यास ती वाघीण स्थिर दिसेल आणि रिकामीच आपल्याकडे चालून येत आहे असे वाटेल. म्हणजे आपली दुसरी टक्कर ही पहिलीच टक्कर होय. पाहणारा तेवढा बदलला. पोलाद किती तापले, हे पाहणाऱ्यावर अवलंबून असू शकत नाही. म्हणून दोन्ही हिशेबांत हानी एकच येते. ह्याच दोन वाघिणींच्या बाबतीत तिचा निर्णय केवळ त्यांच्या परस्परसापेक्ष वेगाने होतो.

आणि तो वेगाच्या वर्गाने होतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी सात किलोमीटरांहून थोडा अधिक, झाला की हानी चौपट, ३२,००० ज्यूल. हाही वेग भरभर चालणाऱ्या माणसाच्या फार पुढचा नव्हे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना फरक क्षुल्लकच वाटतो. जोड तुटणे, माल सांडणे, चाक रुळावरून उतरणे ह्यांचे बीज ह्या वर्गात आहे, आणि म्हणूनच शंटिंग करणाऱ्यांस वेगाचा इतका धाक घातलेला असतो.

हानी तीच असली तरी ती किती वेळात होते, ह्यास मोठे महत्त्व आहे. वरील दोन्ही टक्करींत एका वाघिणीकडून दुसरीस मिळणारा संवेगही सारखाच आहे : १६,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ही देवघेव एकदशांश सेकंदात उरकली, तर सरासरी बल सोळा टन वजनाएवढे पडते; तीच अर्ध्या सेकंदात झाली, तर सव्वातीन टनांच्या आसपास. जोडाच्या मागे बसविलेल्या स्प्रिंगा व घर्षणाच्या पाचरी संवेग कमी करीत नाहीत. तो देण्याचा कालावधी तेवढा लांबवितात. उंचावरून उडी मारणारा मुलगा गुडघे वाकवितो, तेही ह्याचसाठी.

टक्करीनंतरची स्थिती मात्र दोन्ही वेळी सारखी नसते. दुसऱ्या जोडीपाशी २,००० ज्यूल उरले आहेत, पहिलीपाशी ३२,०००. पहिली वेळीच ब्रेक लावून थांबविली नाही, तर पुढच्या वाघिणीस, किंवा मार्गात उभ्या असलेल्या मनुष्यास, गाठेल. रिकामी वाघीण उभी आहे म्हणून तिच्या पुढे रुळांत उभे राहणे किती धोक्याचे आहे, हे ह्यावरून कळून यावे.

ब्रेक लागला व जोडी थांबली की तिचा ८०,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद संवेग कोठे गेला? चाकांनी तो रुळांस दिला व रुळांनी पृथ्वीस. पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये मांडावयाचे, तर सहावर चोवीस शून्ये द्यावी लागतात; त्यामुळे तिच्या वेगात पडणारा फरक कोणत्याही उपकरणास कळणारा नाही. शिवाय इंजिनाने वाघीण प्रथम लोटली, तेव्हा त्याच्या चाकांनी रूळ, आणि रुळांसह पृथ्वी, तितक्याच संवेगाने उलट दिशेस रेटली होती.