शिप्रेचे पाणी आणि समुद्राची वर्गवारी



आपल्या उज्जैनला समुद्र नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला किंवा कोकणात नातेवाइकांकडे गेलो की तो दिसतो. घरी आल्यावर आपण सांगतो, "समुद्र पाहिला!" पण कोणता पाहिला? शास्त्रज्ञांच्या दृष्टीने समुद्रात एक नव्हे, अनेक परिसंस्था आहेत. परिसंस्था म्हणजे एखाद्या ठिकाणचे सजीव आणि त्यांना सांभाळणारे पाणी, प्रकाश, खडक, चिखल हे सारे मिळून झालेले एक घर. ही घरे ओळखताना शास्त्रज्ञ काही साधे प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न : सजीव पाण्यात राहतो की तळाशी? बांगडा, तारली आणि पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म प्लवक मोकळ्या पाण्यातले रहिवासी. शिंपले, खेकडे, प्रवाळ हे तळाचे.

दुसरा प्रश्न : खोली किती? वरच्या सुमारे २०० मीटरपर्यंत वनस्पती-प्लवकांना पुरेसा प्रकाश मिळतो. समुद्रातील बहुतेक अन्न येथेच तयार होते. २०० ते १००० मीटरपर्यंत संधिप्रकाश, त्याखाली कायमचा अंधार. ४००० मीटरच्या खाली अतिखोल सागरी मैदाने लागतात आणि ६००० मीटरच्या खाली सागरी गर्ता.

तिसरा प्रश्न : किनारा कसा आहे? भरतीत बुडणारा आणि ओहोटीत उघडा पडणारा पट्टा दिवसातून दोनदा भिजतो, दोनदा तापतो. तेथे तग धरणारे जीव निराळेच. या पट्ट्यातही खडकाळ किनारा, पुळण आणि खाडीतील कांदळवन यांची गणना वेगवेगळी होते.

चौथा प्रश्न आपल्या गावाशी जोडलेला आहे : पाणी कसे आहे? नकाशात उज्जैनला अरबी समुद्र जवळचा. पण शिप्रा चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना प्रयागला गंगेला; म्हणजे रामघाटावरचे पाणी जाते बंगालच्या उपसागराकडे! गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी अशा मोठ्या नद्या तेथे गोडे पाणी ओततात, शिवाय पाऊसही भरपूर. त्यामुळे पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तर टोकाशी एक किलो पाण्यात ३० ग्रॅमहूनही कमी क्षार आढळतात. अरबी समुद्रात पाऊस व नद्यांपेक्षा बाष्पीभवन अधिक, म्हणून तेथे क्षार सुमारे ३६ ग्रॅम. उपसागरात हलके गोडसर पाणी वर तरंगते आणि खालचे पोषक द्रव्य सहज वर येऊ देत नाही. अरबी समुद्रात पावसाळी वाऱ्यांनी ते वर येते व प्लवक फोफावतात. हे प्लवक मेले की खाली जाऊन कुजतात, त्यात प्राणवायू खर्च होतो. म्हणून तेथे साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान प्राणवायू फारच थोडा उरतो.

अशा फरकांतून सजीवांची वस्तीही बदलते. २००७ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने जगातील किनारी समुद्राची विभागणी १२ महाक्षेत्रे, ६२ प्रांत आणि २३२ परिक्षेत्रांत केली. त्यात भारताचा पश्चिम किनारा एका प्रांतात आणि बंगालचा उपसागर दुसऱ्या प्रांतात आहे. पुढे २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने (आययूसीएन) नवी वर्गवारी प्रसिद्ध केली. कोणते प्राणी आहेत याबरोबरच परिसंस्था चालते कशी, यावर तिचा भर आहे. तिच्यात सागरी परिसंस्थांचे चार मोठे गट आहेत : उथळ भूखंडमंच, मोकळे पाणी, खोल समुद्राचा तळ आणि माणसाने उभारलेली समुद्रातील बांधकामे.

पालकांना वाटेल, एवढी नावे कशाला? कारण जे ओळखले जात नाही ते जपलेही जात नाही. नकाशात सगळा समुद्र निळाच. त्यातील खडक आणि प्रवाळ वेगळे ओळखले गेले, म्हणून १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. उलट विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे 'आंग्रिया बँक' हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम २० मीटरवर असल्याने तेथे प्रकाश पोहोचतो व प्रवाळ वाढतात. पण राज्याचे मासेमारीविषयक नियम किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच चालतात. निसर्गाची रेषा एक, कायद्याची दुसरी!

आणि आपली रेषा तर आपणच बदलली आहे. २०१४ पासून पंपांनी उचललेले नर्मदेचे पाणी शिप्रेत सोडता येते. एरवी खंबातच्या आखातात जाणारे ते पाणी शिप्रेत आले की पूर्वेची वाट धरते.

तेव्हा मित्रांनो, हेच प्रश्न शिप्रेला विचारून पाहा. घाटाचा दगड, काठचा चिखल, वाहता प्रवाह, साचलेला डोह : कोठे कोण राहते, याची वहीत यादी करा. आणि कोकणात जाल तेव्हा मोठ्यांना सोबत घेऊन ओहोटीच्या वेळी खडकांवर जा. डबक्यांत डोकावून पाहा, मात्र तेथील जीव तेथेच राहू द्या. मग घरी येऊन नुसते "समुद्र पाहिला" म्हणू नका. त्यातले कोणते घर पाहिले, तेही सांगा.