आत्या, कुठल्या साइटवर नाव घालू?

ओमानमधल्या रुस्ताकमध्ये मगरिबची अजान झाली की मी वर्ग आटपून घरी येते, चहा टाकते आणि मिरजेहून भाच्याचा फोन येतो. इथे सात, तिथे साडेआठ. बीसीएस होऊन त्याला आठ महिने झाले. गेल्या महिन्यात फोनच्या आधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली. ओमानमध्ये आयटी सपोर्ट, फ्रेशर चालेल, व्हिसा फ्री, रजिस्ट्रेशनचे साडेचार हजार आधी भरायचे. खाली त्याचा प्रश्न, "आत्या, तू तिथेच आहेस ना? भरू का?"

"भरू नकोस" एवढं लगेच लिहिलं. पण नुसत्या नकाराने त्याचं काम होणार नव्हतं. मग रोज संध्याकाळी थोडं थोडं बोलत गेलो. असा मुलगा किंवा मुलगी आज कितीतरी घरांत आहे, म्हणून ते इथे मांडते.

ओमानचं आधी सांगते. मी इथे अकरा वर्षं संगणक शिकवते आहे. माझ्या वर्गातल्या मुली केबलला कनेक्टर लावायला शिकतात, पिंग जात नसेल तर शोधत बसतात, आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांनाही हीच पहिली नोकरी हवी असते: हेल्पडेस्क, टेक्निशियन, ज्युनिअर प्रोग्रामर. जानेवारी २०१८ मध्ये इथल्या सरकारने ८७ प्रकारच्या पदांसाठी परदेशी माणसांना नवे व्हिसा देणं सहा महिने थांबवलं. त्यात आयटीची पदं होती. ती मुदत पुढे वाढत गेली. २०२४ मध्ये ओमानी लोकांसाठी आणखी ३० पदं राखली गेली आणि त्यातही संगणकाची कामं आहेत. मला हे योग्यच वाटतं. आपल्या गावातली पहिली पायरी गावातल्या मुलीला मिळायला हवी. म्हणून ओमानात आयटीत बाहेरचा फ्रेशर हवा आहे, अशी जाहिरात दिसली की मला आधी शंका येते.

मग नोकरीगल्फ, बैत, गल्फटॅलेंट या साइटी खोट्या का? मुळीच नाहीत. बैत डॉट कॉम तर २००० सालापासून आहे. पण तिथे येणारा मालक अनुभवी माणूस शोधतो, बऱ्याचदा आखातातच काम केलेला. बीसीएस झालेल्या पोराने तिथे रोज अर्ज टाकणं म्हणजे ज्या एसटीला आपल्या गावी थांबाच नाही, तिची वाट बघत उभं राहणं. चार-पाच वर्षांचा अनुभव गाठीला बांधून मग तिथे जावं.

साइट कशी पारखायची, यावर मी त्याला एकच प्रश्न धरून ठेवायला सांगितला: इथे पैसे कोण देतं? संजीव बिखचंदानी यांनी १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू केली, त्यामागची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. ते काम करत त्या ऑफिसात 'बिझनेस इंडिया'चा अंक आला की लोक तो मागच्या पानापासून वाचत, कारण नोकरीच्या जाहिराती मागे असत. पगार चालू असलेली माणसंसुद्धा दुसरी नोकरी बघत असतात, हे त्यांनी हेरलं. अशा साइटींवर जाहिरात लावायला आणि साठलेले बायोडेटा चाळायला मुख्यतः कंपन्या पैसे मोजतात. आपला बायोडेटा हा तिथला माल आहे, आणि माल देणाऱ्याने वर पैसे का द्यायचे? रेझ्युमे लिहून देतो, प्रोफाइल वर आणतो, अशा विकत सेवा मोठ्या साइटींवरही दिसतात. फ्रेशरला त्यांची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी अंगावर झेलून शिकले. २००९ मध्ये मी एमसीए झाले तेव्हा मंदी होती. हातात ऑफर असलेल्या मुलांचंही जॉइनिंग लांबत होतं. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने प्लेसमेंटची हमी म्हणून माझ्याकडून पंधरा हजार घेतले. बाबांनी ते पतसंस्थेतून काढून दिले होते. तीन महिन्यांनी गेले तर दाराला कुलूप. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण हप्ते ते दोन वर्षं फेडत होते.

भाच्याला मी दहा ठिकाणी नाव घालू दिलं नाही. पहिला मान कंपन्यांच्या स्वतःच्या पोर्टलला. टीसीएसचं नेक्स्टस्टेप आहे, तिथे नोंदणी करून परीक्षेला बसायचं. विप्रोचा वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्राम तर बीसीए, बीएस्सी झालेल्यांसाठीच आहे, नोकरी करता करता एमटेक होतं. बीसीएसवाल्याने हे सोडून इंजिनीअर मुलांच्या जागांवर अर्ज टाकत बसू नये. तो नेमकं तेच करत होता.

दुसरी नोकरी डॉट कॉम. तिथे नाव घालून गप्प बसलं तर काही होत नाही. एचआरवाला शब्द टाकून शोधतो आणि अलीकडे हालचाल असलेली प्रोफाइल आधी बघतो. भाच्याने 'हार्डवर्किंग, सिन्सिअर' लिहिलं होतं. ते शब्द कोणी शोधत नाही. एसक्यूएल, जावा, लिनक्स, मॅन्युअल टेस्टिंग असं जे खरंच येतं तेच लिहायला लावलं आणि दर सोमवारी प्रोफाइलवर हात फिरवायला सांगितलं.

तिसरं लिंक्डइन, पण अर्जांचा सपाटा लावायला नाही. आपल्या कॉलेजचं पान उघडलं की माजी विद्यार्थी कुठे कामाला आहेत ते दिसतं. त्याच्याच कॉलेजची दोन वर्षं पुढची एक मुलगी हिंजवडीत टेस्टिंगला निघाली. तिने त्याला अभ्यास काय करायचा ते सांगितलं, आणि ते कुठल्याही साइटच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडलं.

इनडीडवर इकडून तिकडून गोळा केलेल्या जाहिराती असतात, एकच जागा तीनदा भेटते, म्हणून आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे. इंटर्नशिपसाठी इंटर्नशाला. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे, तिथेही नोंदणीला पैसे लागत नाहीत.

आता परत त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या जाहिरातीकडे येते, कारण गोष्ट साडेचार हजारांवर थांबत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने आयटी शिकलेल्या तरुणांसाठी खास इशारा दिला होता. थायलंडमध्ये डिजिटल सेल्सची नोकरी म्हणून मुलांना नेलं, बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये पोचवलं आणि तिथे डांबून त्यांच्याकडून काम करून घेतलं. ही शिकलेली, संगणक येणारी मुलं होती. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. कमी शिकलेला मजूर ओमानला येतो तेव्हा त्याचे कागद सरकार तपासतं, पदवीधराचे कोणी बघत नाही. ते त्याने आणि घरच्यांनीच बघायचे.

म्हणून घरात कुणाला परदेशातल्या आयटी नोकरीची ऑफर आली असेल तर तिकीट काढायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट या संकेतस्थळावर जा आणि एजंटचं नाव नोंदणीकृत यादीत शोधा. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. 'आधी व्हिजिट व्हिसावर ये, मग बघू' असं तो म्हणाला तर तिथेच थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं ओमानात बेकायदा आहे. आणि यादीत त्याचं नाव नसेल तर मुलाचा पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.