जंगलच्या वाटेवर कोण भेटते आणि तेव्हा काय करावे



आपला सिंदेवाही तालुका चंद्रपूर जिल्ह्यात आहे. एका अंगाला ताडोबाचे जंगल, दुसऱ्या अंगाला ब्रह्मपुरीचे जंगल आणि मधात आपल्या धानाच्या बांध्या. पूर्वी चंद्रपूर जिल्हा फार मोठा होता. २६ ऑगस्ट १९८२ ला त्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण ही गोष्ट जनावरांना कोणी सांगितली नाही. वाघ रात्री वैनगंगा पोहतो आणि या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जातो. त्याला तिकीट लागत नाही.

आम्ही टोलीवरची सहा मुले रोज पायी शाळेत येतो. वाट सागाच्या झाडीतून आहे, मधात एक बोडी आहे. त्या वाटेवर चितळ, रोही, रानडुकरे, मोर, वांदर हे नेहमी दिसतात. वाघाचे पाय चिखलात दोनदा दिसले. म्हणून गुरुजी म्हणाले, तूच लिही.

पहिली गोष्ट म्हणजे कान. जंगलात डोळ्याच्या आधी कान कामाला येतात. वाघ दिसत नाही. तो पिवळ्या गवतात बसला की दहा हातांवरूनही दिसत नाही. पण वांदराला तो झाडावरून दिसतो. मग वांदर खॅक् खॅक् असे खाकरल्यासारखे ओरडते. चितळ कूक् कूक् असे बारीक ओरडते आणि पाय आपटते. सांबर ढांक् असे एकदाच मोठ्याने ओरडते, त्याचा आवाज डब्यावर काठी मारल्यासारखा येतो. चितळ कधी कधी उगाचही ओरडते. पण सांबर वारंवार ओरडू लागले तर समजावे की तिकडे काहीतरी आहे. आमचे आबाजी म्हणतात, "सांबर खोटा नाई बोलत." आम्हाला असा आवाज आला की आम्ही पुढे जात नाही. मागे फिरून टोलीवर येतो आणि कोणीतरी मोठा माणूस सोबत घेतो. त्या दिवशी शाळेला उशीर होतो. गुरुजी रागवत नाहीत.

दुसरी गोष्ट पायाच्या खुणा. वाघाच्या पायाची खूण गोल असते आणि तिच्यात नखे दिसत नाहीत, कारण चालताना तो नखे आत ओढून घेतो. कुत्र्याच्या व तडसाच्या खुणेत नखे दिसतात. बिबटाची खूण वाघासारखीच पण लहान. अस्वलाच्या मागच्या पायाची खूण माणसाच्या लेकराच्या पायासारखी लांबट असते, पण पुढे लांब नखे उमटतात. आमच्या टोलीतल्या दुसरीतल्या पोराने ती पाहून विचारले, "इथं कोनाचा पोरगा चप्पल न घालता गेला?" आम्ही खूप हसलो, पण मग भरभर चालू लागलो.

आता वाघाविषयी. २०२२ च्या मोजणीत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यांतले सर्वांत जास्त आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली झाले. अंधारी अभयारण्य १९८६ साली झाले. गोंड लोकांची अशी कथा आहे की तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तोच पुढे देव झाला आणि त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडले. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे.

मग वाघ गावाकडे कायले येतो? वाघाचे पिल्लू सुमारे दोन वर्षांचे झाले की आईला सोडते आणि आपली जागा शोधते. ताडोबात जागा भरलेली आहे. मोठा वाघ लहान वाघाला राहू देत नाही. मग तो बाहेर पडतो, आणि बाहेर आपली गावे आहेत. तिथे त्याला गाई, बैल, बकऱ्या भेटतात. तो मुद्दाम माणसाला शोधत येत नाही. पण खाली वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, चार पायांचे जनावर वाटते.

आणि आपल्याकडे लोक वाकूनच काम करतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहा पडतो. मोहफूल रात्री उशिरा आणि पहाटे गळते. म्हणून बाया टोपले घेऊन अंधारातच जातात. उजाडल्यावर गेले तर चितळे आणि गुरे फुले खाऊन टाकतात. मग मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि फळीवर नेऊन मोजून द्यायचा. जितके पुडे तितके पैसे. त्याच पैशातून आमच्या घरी पावसाळ्याआधी धानाचे बियाणे, खत आणि माझ्या वह्या येतात. म्हणून कोणी नुसते "जंगलात जाऊ नका" म्हटले तर ते ऐकता येत नाही. मे २०२५ मध्ये आपल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघाने एकाच दिवशी मारले. दुसऱ्या दिवशी माझी आई घरीच राहिली. तिसऱ्या दिवशी गेली. ती येईपर्यंत मी आणि बहीण ओट्यावर बसून राहिलो. भूक लागली तरी उठलो नाही.

आईच्या टोळीतल्या बाया आता असे करतात. सात-आठ जणी मिळून जातात, एकटी कोणी झाडाच्या मागे जात नाही. एक जण पाने तोडत नाही, नुसती उभी राहून चारी बाजूंनी पाहते. तिचे पुडे बाकीच्या मिळून भरून देतात. मला ही रीत सर्वांत चांगली वाटते. मधूनमधून डबा वाजवतात आणि मोठ्याने बोलतात. पश्चिम बंगालमध्ये सुंदरबन आहे, तिथल्या लोकांनी १९८६ साली डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या तोंडाचा मुखवटा लावणे सुरू केले. कारण वाघ बहुधा मागून येतो. तोंड दिसले की त्याला वाटते हा माझ्याकडेच पाहून राहिला. आम्ही चौथीच्या मुलांनी पुठ्ठ्याचे मुखवटे करून आयांना दिले. माझी आई म्हणते, "दोरी लय टोचते, पन घालीन."

वाघ समोर दिसलाच तर? आबाजी सांगतात, "पराचा नाई. पराला का तो मांगं येते." पळायचे नाही, पाठ दाखवायची नाही, वाकायचे नाही, दगड उचलायलाही वाकायचे नाही. उभे राहून, सगळे एकमेकांना चिकटून, त्याच्याकडे पाहत हळूहळू मागे सरायचे. लहान मुलाला उचलून घ्यायचे.

मला स्वतःला वाघापेक्षा अस्वलाचे जास्त भेव वाटते. वाघाला आपण आलो ते आधीच कळते, तो बहुधा बाजूला होतो. अस्वलाला नीट दिसत नाही आणि ते वारुळात तोंड घालून वाळवी ओढत असले की ऐकूही येत नाही. आपण अगदी जवळ गेलो की ते दचकते आणि अंगावर येते. तेही बिचारे भेलेले असते. मोहफुले, टेंभरे, चारे, मध हे त्याला फार आवडते, म्हणजे जे आपण वेचतो तेच. आई अस्वल पिल्लांना पाठीवर बसवून नेते. त्यावर उपाय सोपा आहे. बोलत चालायचे. आम्ही सहाजण पाढे म्हणत येतो. एकोणतीसचा पाढा बोडीजवळ येतो. तो कोणाला धड येत नाही, म्हणून तिथे आवाज कमी होतो. आता आम्ही बोडीजवळ दोनचा पाढा म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात आमची सहल गेली होती. मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता आहे. आलापल्लीच्या पुढे डोंगर आणि मोठमोठी सागाची झाडे. पेरमिली, ताडगाव ही गावे गेली की हेमलकसा येते. तिथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांवर औषधोपचार केले आणि शाळा काढली. एकदा शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला तिचे पिल्लू चिकटलेले होते. ते पिल्लू डॉक्टरांनी मागून घेतले आणि वाढवले. तेव्हापासून तिथे अनाथ प्राणी येऊ लागले. आम्ही बिबट आणि अस्वल अगदी जवळून पाहिले. पिंजऱ्यातले अस्वल पाहताना भेव वाटत नाही, कीव येते. भामरागडला तीन नद्या भेटतात, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. तिथे आम्ही चिवडा खाल्ला.

गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचे पाळीव हत्ती आहेत. पूर्वी ते लाकडे ओढायचे. पण २०२१ मध्ये खरे रानटी हत्ती आले. तो कळप ओडिशातून निघून छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला. पुढे मोठी हत्तीण चालते आणि बाकीचे तिच्या मागे. ते धान खातात, आणि घरात धान किंवा मोहा ठेवला असेल तर वासाने येऊन भिंत पाडतात. गावात हत्ती आले तर लोक फोटो काढायला धावतात. हे मला पटत नाही. हत्ती दिसायला सावकाश असतो, पण धावला तर माणसाच्या पुढे जातो. त्याला पेटते टेंभे फेकून मारू नये, तो चिडतो. दूर राहावे आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवावी.

बिबटाचे थोडक्यात सांगतो. तो कुत्री, कोंबड्या, बकऱ्यांसाठी रात्री गावात येतो. म्हणून कोठ्याचे दार लावावे, अंगणात लहान मुलांना एकटे झोपवू नये आणि संध्याकाळी परसाकडे एकट्याने जाऊ नये. घरी संडास असेल तर तोच वापरावा. त्यात लाकडे भरून ठेवू नयेत.

जंगली जनावर गावाजवळ दिसले तर वनखात्याला १९२६ या नंबरावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. हा नंबर आम्ही वर्गाच्या दारावर खडूने मोठा लिहिला आहे. ज्यांच्याकडे फोन आहे त्या पालकांनी जाताना लिहून घ्यावा. पेन्सिल भित्तिपत्रकाच्या खाली दोरीला बांधलेली आहे.

— इयत्ता ४ थी